वाचकांचे प्रश्न : डोक्यात अडकलेला मुखडा

गेल्या अंकात एका वाचकाने जाता जाता विचारले होते की, एखादे गाणे दिवसभर डोक्यातून जात नाही, त्यावर काही उपाय आहे का. जागेअभावी मी दोन ओळींत उत्तर आटोपले आणि ती चूक झाली, कारण त्यानंतर याच विषयावरची पत्रे येत राहिली. त्यांतील सात पत्रांना या वेळचे संपूर्ण सदर दिले आहे. पत्रलेखकांची नावे नेहमीप्रमाणे वगळली आहेत.

प्रश्न : आमच्या गावात रोज सकाळी सातच्या सुमारास घंटागाडी येते आणि तिच्या कर्ण्यावर ‘गाडीवाला आया’ हे गाणे चालू असते. गाडी आमच्या दारात जेमतेम दोन मिनिटे थांबते, पण गाणे मात्र माझ्या डोक्यात मधल्या सुटीपर्यंत वाजत राहते. सहामाहीच्या उत्तरपत्रिका तपासताना तर ते थांबतच नाही. मला हे गाणे आवडत नाही, मी ते कधी मुद्दाम ऐकलेले नाही आणि पहिल्या ओळीपलीकडचे मला येतही नाही. मग नेमके हेच गाणे का?
— एक माध्यमिक शिक्षिका, जिल्हा सातारा

उत्तर : पहिल्या ओळीपलीकडचे येत नाही, ही तुमची तक्रार नसून निम्मे उत्तरच आहे, पण तिकडे थोड्या वेळाने वळू.

आधी दिलासा. फिनलंडमध्ये इंटरनेटवरून १२ हजारांहून अधिक लोकांना या अनुभवाबद्दल विचारण्यात आले, तेव्हा दहांपैकी नऊ जणांनी आठवड्यातून किमान एकदा तरी असे होते, असे सांगितले. जर्मन भाषेत याला ‘ओअरवुर्म’ म्हणजे कानातला किडा म्हणतात आणि त्यावरूनच इंग्रजीतला ‘इअरवर्म’ हा शब्द आला. मराठीत मात्र ‘कानातला किडा’ म्हटले, तर घरातले लोक कोमट तेलाची वाटी घेऊन धावत येतील, म्हणून मी तो शब्द वापरणार नाही. आपल्याकडे ‘पालुपद’ हा चांगला शब्द आहे. अभंगात प्रत्येक कडव्यानंतर जे परत येते ते पालुपद, आणि एखादा माणूस तेच तेच बोलू लागला की त्याने पालुपद लावले, असे आपण म्हणतोच. तुमच्या डोक्याने घंटागाडीचे पालुपद लावले आहे.

ते लागते कसे, हे समजण्यासाठी अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजमधला, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग उपयोगी पडतो. मेंदूचे स्कॅनिंग चालू असताना काही लोकांना गाणी ऐकवली गेली आणि त्या गाण्यांचे काही सेकंदांचे तुकडे मुद्दाम गाळून तेथे शांतता ठेवली गेली. गाणे अनोळखी असेल तेव्हा ती शांतता शांतताच राहिली. गाणे ओळखीचे असेल तेव्हा मात्र त्या रिकाम्या जागेतही मेंदूचा ऐकण्याशी निगडित भाग काम करत राहिला आणि ऐकणाऱ्यांनाही गाणे आत चालूच असल्यासारखे वाटले. आता तुमची घंटागाडी डोळ्यांसमोर आणा. ती दोन गल्ल्या अलीकडे असल्यापासून गाणे ऐकू येऊ लागते, दारात येऊन मोठे होते आणि गाडी कोपऱ्यावरून वळताच ओळीच्या मध्येच तुटते. प्रयोगशाळेत जी शांतता मुद्दाम निर्माण करावी लागली, ती तुमच्या गावातली गाडी रोज सकाळी विनासायास निर्माण करून जाते, आणि उरलेली ओळ तुमचा मेंदू पुरी करतो.

पुरी केल्यावर तो पुढे कोठे जाणार? पुढचे शब्द त्याच्याकडे नाहीतच. म्हणून तो पहिल्या ओळीवर परत येतो. माझ्या गायनवर्गातील मुलींना मी विचारते तेव्हा हेच दिसते, की डोक्यात अडकलेला तुकडा जवळजवळ नेहमी मुखडा असतो, अंतरा क्वचितच असतो, कारण मुखडा पाठ असतो आणि अंतऱ्याशी आपली ओळख तोंडदेखली असते. अपुरे राहिलेले काम मनात अधिक रेंगाळते, असे ब्लूमा झैगार्निक यांनी बर्लिनमधील प्रयोगांवरून १९२७ मध्ये मांडले होते आणि अनेक जण डोक्यातल्या गाण्याचा संबंध त्या सिद्धान्ताशी जोडतात. गाण्यांच्या बाबतीत त्याचा पुरावा तितका भक्कम नाही, त्यामुळे मी त्यावर फार भर देणार नाही. माझे म्हणणे साधे आहे. ज्या रस्त्याचा पहिलाच फर्लांग आपल्याला ठाऊक असतो, त्यावर आपण तेवढ्यातच येरझाऱ्या घालतो.

राहिला उत्तरपत्रिकांचा मुद्दा. एकाच प्रश्नाचे चाळीसावे उत्तर तपासताना डोळे आणि लाल पेन कामात असतात, मन मात्र बरेचसे मोकळे असते. भांडी घासणे, चालणे, एसटीच्या खिडकीतून बाहेर पाहत बसणे ही सगळी याच जातीची कामे आहेत. गाण्याला शिरकाव करायला असा वेळ आवडतो, आणि तुमच्या बाबतीत ते सकाळी सातपासून दाराशी उभेच असते. आवड-नावड या सगळ्यात फारशी मध्ये येत नाही. नुकतेच ऐकलेले आणि पुन्हा पुन्हा ऐकलेले असणे पुरेसे होते, आणि तुमचे गाणे रोज दोन्ही अटी पूर्ण करते.

प्रश्न : मी निवृत्त ग्रंथपाल असून माझे वय ७४ आहे. आमच्या तरुणपणी गाणी मनात रेंगाळत असत, हल्लीची गाणी डोक्यात घुसतात. नातवाच्या कृपेने गेला आठवडाभर माझ्या डोक्यात ‘झिंगाट’ चालू आहे. चांगले गाणे कधी असा छळ करत नाही आणि थिल्लर गाणेच असे चिकटते, हा माझा निष्कर्ष आपल्याला मान्य आहे का?
— एक ज्येष्ठ वाचक, पुणे

उत्तर : मान्य नाही, आणि आपली क्षमा मागून थोडे सविस्तर सांगते.

आपण वापरलेली दोन क्रियापदे फार बोलकी आहेत. आवडते गाणे ‘रेंगाळते’ आणि नावडते गाणे ‘घुसते’, पण डोक्यात दोन्ही वेळा घडते ते एकच. या विषयावरच्या पाहण्यांमध्ये बहुतेक लोक असे सांगतात की, डोक्यात वाजणारे गाणे त्यांना त्रासदायक वाटत नाही, किंबहुना पुष्कळदा ते आवडीचेच असते. फक्त आवडत्या गाण्याबद्दल कोणी मासिकाला पत्र लिहीत नाही.

आता आपल्या बालपणाकडे जाऊ. ‘नाच रे मोरा’ हे गाणे १९५३ च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातले. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाल पु. ल. देशपांडे यांची आणि आवाज आशा भोसले यांचा. या तिघांना थिल्लर म्हणण्याची माझी तरी छाती नाही. या गाण्याचा मुखडा मनात एकदा म्हणून पाहा : ‘नाच रे मोरा, आंब्याच्या वनात, नाच रे मोरा नाच’. सुरुवातीचा शब्द ‘नाच’ आहे आणि शेवटचाही ‘नाच’ आहे. शेवटच्या ‘नाच’वर तुम्ही पोहोचलात की तोच पुढच्या फेरीचा पहिला ‘नाच’ होऊन जातो आणि मुखड्यातून बाहेर पडायला दारच राहत नाही. शब्द गोल फिरवून जागच्या जागी आणून सोडण्याची ही कारागिरी आहे, आणि सत्तर वर्षे उलटून गेल्यावरही बालवाडीतल्या मुलांच्या तोंडी ते गाणे आहे, ते काही केवळ मोरामुळे नाही.

‘झिंगाट’मध्ये दुसरी युक्ती आहे. २०१६ च्या ‘सैराट’मधल्या या गाण्यात अजय-अतुल यांनी ‘झिंग’ हे एकच अक्षर ढोलाच्या ठोक्यासारखे लागोपाठ वाजवले आहे आणि ‘आट’वर ते आपटून थांबवले आहे. तेथे शब्द अर्थासाठी आलेला नाही, तो तालवाद्याचा बोल म्हणून आला आहे. ढोलकीचे बोल तोंडाने म्हणणारी मुले आपण पाहिली असतील. ती मुले जे करतात तेच हे गाणे ऐकणाऱ्याकडून करून घेते. त्या गाण्याला आपण उथळ म्हणू शकता, तो आपला अधिकार आहे, पण ते चिकटते ते उथळपणामुळे नव्हे.

चाल आणि शब्द यांत अधिक चिवट काय, याचेही एक उदाहरण आपल्याकडेच आहे. २००६ च्या ‘जत्रा’ चित्रपटातले ‘कोंबडी पळाली’ आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांनी गायले आणि महाराष्ट्रातल्या वराती त्यावर नाचल्या. त्याच संगीतकारांनी तीच चाल २०१२ च्या ‘अग्निपथ’मध्ये हिंदी शब्दांवर बसवली, तर ज्यांना कोंबडीची तंगडी कोणी धरली याची काडीमात्र कल्पना नव्हती असे देशभरातले लोकही ती गुणगुणू लागले. शब्द बदलले, भाषा बदलली, चाल तशीच चिकटली.

चिकटणाऱ्या चालींमध्ये समान काय असते, याचा अभ्यास डरहम विद्यापीठातील केली याकुबोव्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. सुमारे तीन हजार लोकांनी आपल्या डोक्यात अडकलेली गाणी कळवली होती. त्यांतील सर्वाधिक वेळा आलेली शंभर गाणी घेऊन त्यांची तुलना तितक्याच लोकप्रिय, पण कोणी न कळवलेल्या शंभर गाण्यांशी करण्यात आली. चिकटणाऱ्या गाण्यांची लय सरासरीने जलद निघाली. त्यांच्या चालीचा एकूण आकार ओळखीचा होता, म्हणजे पहिली ओळ वर चढते आणि दुसरी खाली उतरते, जसे ‘ट्विंकल ट्विंकल’मध्ये होते. आणि त्या ओळखीच्या आकारात कोठेतरी एखादी अनपेक्षित उडी किंवा अपेक्षेपेक्षा अधिक वेळा आलेला तोच स्वर होता. हा अभ्यास मुख्यतः ब्रिटनमधील लोकांचा आणि तिकडच्या पॉप गाण्यांचा आहे, त्यामुळे तो लावणीला किंवा कोळीगीताला जसाच्या तसा लावू नये. तरीही कोणत्याही चाल बांधणाऱ्याला त्यात आपले जुनेच गणित दिसेल. घर ओळखीचे असावे, पण एक खिडकी नवी असावी. सगळेच ओळखीचे असेल तर गाणे कानाला लागत नाही, आणि सगळेच नवे असेल तर घरी आल्यावर आठवत नाही.

आपल्या निष्कर्षात आणखी एक गफलत आहे, आणि ग्रंथपालाला ती सांगावी लागू नये. जुन्या काळातील जी गाणी आज आपल्याला आठवतात ती गाळून उरलेली आहेत. १९५९ चे ‘बुगडी माझी सांडली गं’ उरले, पण त्याच वर्षी निघालेली आणि आज कोणालाही न आठवणारी गाणी किती असतील, याचा हिशेब आपण ठेवत नाही. ग्रंथालयातही शंभर वर्षांपूर्वीची निवडक पुस्तकेच कपाटात राहतात आणि मग पूर्वीचे लोक किती चांगले लिहीत असत, असे आपल्याला वाटते.

प्रश्न : माझा साडेतीन वर्षांचा मुलगा दिवसातून पन्नास वेळा ‘बेबी शार्क’ म्हणतो आणि आता ते माझ्याही डोक्यात बसले आहे. एकच गाणे इतके म्हणणे मुलासाठी वाईट आहे का?
— एक आई, ठाणे

उत्तर : नाही. त्या वयात पुनरावृत्ती हाच खेळ असतो आणि पुढे काय येणार हे आधी कळण्यात मुलांना मोठा आनंद मिळतो. भोंडल्याची गाणी, ‘बे एके बे’ आणि आरत्या आपण याच मार्गाने शिकलो. आरतीतल्या कित्येक शब्दांचे अर्थ मला वयाच्या तिशीनंतर कळले, पण सहाव्या वर्षापासून त्या बिनचूक पाठ होत्या. ‘बेबी शार्क’च्या बाबतीत तुम्ही एकट्या नाही. दक्षिण कोरियातील पिंकफाँगची ती चित्रफीत जानेवारी २०२२ मध्ये यूट्यूबवर एक हजार कोटी वेळा पाहिली गेलेली पहिली चित्रफीत ठरली, आणि त्या आकड्यात पन्नास वेळा पाहणारी मुले बरीच असणार. पडद्यासमोरचा वेळ जरूर मोजा. गाणे तोंडाने म्हणण्याला मर्यादा घालण्याचे कारण नाही. फार कंटाळा आला तर त्याच उत्साहाने त्याला ‘ऐलमा पैलमा’ शिकवा. तुमची सुटका होणार नाही, पण गाणे तरी बदलेल.

प्रश्न : मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो आणि दिवसाचे दहा तास अभ्यासिकेत बसतो. गणेशोत्सवाच्या मिरवणुकीतले एक गाणे त्यानंतर तीन आठवडे डोक्यातून गेले नाही. ‘हे गाणे आठवायचे नाही’ असे मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले आहे, तरी उपयोग होत नाही. खात्रीचा उपाय सांगावा.
— एक विद्यार्थी, मूळ गाव जिल्हा बीड

उत्तर : सर्वप्रथम वहीचे ते पान फाडून टाका. वैद्याने औषध दिले आणि सांगितले की घेताना माकड आठवायचे नाही, ही गोष्ट तुम्ही ऐकली असेल. १९८७ मध्ये डॅनियल वेग्नर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने जवळजवळ हाच प्रयोग केला, फक्त माकडाच्या जागी पांढरे अस्वल घेतले. विद्यार्थ्यांना सांगितले की, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका आणि तो आलाच तर घंटी वाजवा. घंटी वाजत राहिली. तुम्ही रोज सकाळी वही उघडून स्वतःला त्या गाण्याची आठवण करून देत आहात.

खात्रीचा उपाय नाही, पण उपयोगी पडणारे काही आहेत. डोक्यात वाजणारे गाणे हे नुसते ऐकणे नसते. त्यात आपण मनातल्या मनात थोडे पुटपुटतही असतो. ॲलन बॅडली आणि ग्रॅहम हिच यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या कार्यकारी स्मृतीच्या मांडणीत अशा आतल्या कानाला आणि आतल्या आवाजाला मिळून एक स्वतंत्र कप्पा आहे. फोन नंबर लिहून घेईपर्यंत आपण तो पुटपुटत राहतो, तोच हा कप्पा. जीभ आणि जबडा दुसऱ्या कामाला लावले की त्या पुटपुटण्यात अडथळा येतो. ब्रिटनमधील रेडिंग विद्यापीठात २०१५ मध्ये ९८ जणांवर हे तपासले गेले. गाणे ऐकवल्यानंतर च्युइंगम चघळणाऱ्यांना ते कमी वेळा आठवले आणि डोक्यात ऐकू येण्याचे प्रमाणही सुमारे एक तृतीयांशाने घटले. अभ्यासिकेत च्युइंगमवरून कोणी डोळे वटारले तर बडीशेप चघळून पाहण्यास हरकत नाही, मात्र बडीशेपेवर प्रयोग झालेला नाही हे लक्षात ठेवा. सुपारी आणि तंबाखू यांचा मी या यादीत चुकूनही समावेश करणार नाही.

दुसरे, काम कोणते निवडता यालाही महत्त्व आहे. अमेरिकेतील वेस्टर्न वॉशिंग्टन विद्यापीठात आयरा हायमन यांनी गाणी ऐकवून मग सुडोकू किंवा अक्षरे जुळवून शब्द बनवण्याची कोडी दिली, तेव्हा असे दिसले की फार सोप्या कामात मन भटकते आणि गाणे येते, पण फार कठीण कामातही माणूस मनाने हात टेकतो आणि गाणे येते. डोक्याला पुरेसे पण झेपेल इतके काम असेल तेव्हा ते सर्वांत कमी येते. म्हणून गाणे सुरू झाले की राज्यघटनेची कलमे सहाव्यांदा नुसती वाचत बसू नका आणि कधी न सुटलेल्या गणितालाही हात घालू नका. मध्यम अवघड प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडवायला घ्या.

तिसरा उपाय माझा स्वतःचा आहे आणि त्याला विद्यापीठाचा आधार नाही. एकदा मला मुंबईच्या एका लग्नात बेंजो पथकाने वाजवलेल्या एका कोळीगीताने असेच पछाडले. चार दिवसांनी मी शरण गेले, ते गाणे शोधून काढले, तीनही अंतरे वहीत उतरवले आणि पेटीवर बसून ते पहिल्यापासून शेवटपर्यंत पाच वेळा म्हटले. दुसऱ्या अंतऱ्यातली नवऱ्याला मासळी बाजारात पाठवण्याची गंमत मला तोवर ठाऊकच नव्हती. त्या रात्रीपासून मुखड्याला पुढे जायला जागा मिळाली आणि त्याचे फेऱ्या मारणे थांबले. अभ्यासातली पंधरा मिनिटे खर्ची घालण्याची तयारी असेल तर मिरवणुकीतल्या त्या गाण्याचे अंतरे एकदा शेवटपर्यंत ऐका.

चौथा उपाय नैतिकदृष्ट्या वाईट आहे. मार्क ट्वेन यांनी १८७६ मध्ये ट्रामच्या तिकिटांवरील एका यमकाने पछाडलेल्या माणसाची विनोदी कथा लिहिली होती. तो माणूस आपल्या धर्मोपदेशक मित्राला ते यमक ऐकवतो, स्वतः मोकळा होतो आणि मित्र त्यात अडकतो. अभ्यासिकेत शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्यावर हा प्रयोग करू नये, कारण त्याचीही परीक्षा तुमच्याच दिवशी आहे.

प्रश्न : आमचा महिला बचत गट मसाले आणि पापड विकतो. आठवडी बाजाराच्या दिवशी रिक्षावर कर्णा लावून जाहिरात फिरवायची आहे. एका गाजलेल्या गाण्याच्या चालीवर आम्ही आमचे शब्द बसवले आहेत. लोकांच्या लक्षात राहावे म्हणून आणखी काय करावे?
— बचत गटाच्या सचिव, जिल्हा सोलापूर

उत्तर : आधी ती चाल सोडा. ती दुसऱ्याच्या मालकीची आहे हे एक कारण झाले, पण तुमच्या कामाच्या दृष्टीने मोठे कारण वेगळे आहे. गाजलेली चाल ऐकली की ऐकणाऱ्याच्या डोक्यात मूळ शब्दच वाजू लागतात. रिक्षा पुढे गेल्यावर त्याच्या तोंडी नायिकेची बुगडी राहील, तुमचा गोडा मसाला राहणार नाही. निवडणुकीच्या प्रचारात हे दर वेळी घडते. चाल सर्वांना आठवते आणि उमेदवाराचे नाव कोणालाच आठवत नाही.

दूरदर्शनच्या जमान्यातली ‘वॉशिंग पावडर निरमा’ ही जाहिरात तुमच्यापैकी चाळिशी ओलांडलेल्या सर्वांना आजही म्हणता येईल. ती कशी बांधली आहे ते पाहा. ओळीच्या शेवटी मालाचे नाव येते, म्हणजे आवाज जेथे टेकतो तेथे ते असते. पुढे ‘हेमा, रेखा, जया और सुषमा’ अशी चार घरातली नावे घेतली आहेत आणि ‘सुषमा’ म्हटल्यावर यमकासाठी कान ज्या शब्दाची वाट पाहतो तो ‘निरमा’ हाच आहे. नाव विसरायचे ठरवले तरी यमक ते विसरू देत नाही. तुम्हीही गटाचे नाव ओळीच्या शेवटी ठेवा, त्याच्याशी जुळणारा शब्द त्याच्या आधी येऊ द्या आणि सगळे वीस सेकंदांत संपवा. बाजारात उभ्या माणसाच्या कानावर रिक्षा जाईपर्यंत तेवढेच पडणार आहे. मसाल्याचे अकरा प्रकार त्यात मोजून दाखवण्याचा मोह टाळा. ते पाकिटावर छापा.

चाल बांधणारा कोणी नसेल तरी अडत नाही. डायना डॉइच या संशोधिकेला १९९५ मध्ये आपल्याच भाषणाच्या ध्वनिमुद्रणातला एक तुकडा सारखा वाजत असताना असे आढळले की, साधे बोललेले वाक्य काही वेळा जसेच्या तसे ऐकवले की कानाला ते गायल्यासारखे वाटू लागते. आपल्या गल्लीतल्या भंगारवाल्याला हे फार पूर्वीपासून माहीत आहे. त्याची आरोळी आपण सगळे सुरासकट नक्कल करून दाखवू शकतो, आणि तिला कोणी संगीत दिलेले नाही. गटातल्या ज्या बाईचा आवाज खणखणीत आहे, तिने एकच वाक्य, एकाच हेलात, दर बाजारी म्हणावे. दर आठवड्याला नवे वाक्य केले तर मात्र हा सगळा खटाटोप फुकट जाईल.

याच्या पुढचे पत्र आले तेव्हा मी ते आधी बाजूला ठेवले होते, कारण ते या विषयाचे आहे असे वाटते, पण नाही. तरीही त्याचे उत्तर याच सदरात देणे बरे.

प्रश्न : माझ्या आईचे वय ८१ आहे आणि तिला कमी ऐकू येते. गेल्या दोन महिन्यांपासून तिला रात्री जुनी भजने ऐकू येतात. शेजारी टेप लावतात असे समजून ती दोनदा त्यांच्याशी भांडून आली. हे डोक्यात गाणे बसण्यासारखेच आहे का?
— एक मुलगी, नाशिक

उत्तर : नाही. डोक्यात गाणे अडकलेल्या माणसाला ते आपल्या मनात आहे हे पक्के ठाऊक असते. तुमच्या आईंना ते बाहेरून येत आहे असे वाटते, आणि हा फरक महत्त्वाचा आहे. श्रवणशक्ती घटलेल्या वृद्धांमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये, असे संगीताचे भास आढळतात. कानाकडून पुरेसा आवाज मिळेनासा झाला की मेंदू आपल्या साठ्यातले संगीत त्या जागी भरू लागतो, असे याचे सर्वसाधारण स्पष्टीकरण दिले जाते. हे वेड नव्हे आणि आई खोटेही बोलत नाहीत, हे आधी घरातल्यांना आणि मग शेजाऱ्यांना सांगा. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे नेऊन श्रवणचाचणी करून घ्या. काही जणांना योग्य श्रवणयंत्र लावल्यावर हा त्रास कमी होतो. काही औषधांमुळे किंवा मेंदूच्या आजारांमुळेही असे होऊ शकते, म्हणून चालू असलेल्या सर्व गोळ्यांची यादी सोबत न्या आणि तेथून सुचवल्यास मेंदूविकारतज्ज्ञांनाही दाखवा. तोवर रात्री खोलीत पंखा किंवा रेडिओ मंद आवाजात चालू ठेवून पाहा. पूर्ण शांततेत असे भास अधिक जाणवतात.

प्रश्न : मी भजनी मंडळात पेटी वाजवतो. डोक्यात वाजणारे गाणे मला मूळ पट्टीतच वाजते असे वाटते, पण मंडळी हसतात. हे शक्य आहे का?
— एक शेतकरी, जिल्हा सिंधुदुर्ग

उत्तर : शक्य आहे, आणि हसणाऱ्यांना तपासून दाखवताही येईल. डॅनियल लेव्हिटिन यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४६ विद्यार्थ्यांना आपापली पाठ असलेली लोकप्रिय गाणी म्हणायला सांगितली होती. दोन प्रयत्नांपैकी निदान एकात सुमारे चाळीस टक्के विद्यार्थ्यांनी मूळ ध्वनिमुद्रणाचाच स्वर नेमका पकडला, आणि ते काही शिकलेले गवई नव्हते. लयीच्या बाबतीत तर दर चार प्रयत्नांपैकी जवळजवळ तीन मूळ लयीच्या आठ टक्क्यांच्या आत होते.

मात्र त्यात एक अट होती. गाणे एकाच ध्वनिमुद्रणातून, म्हणजे नेहमी त्याच पट्टीत ऐकलेले असावे लागते. तुमच्या मंडळातले भजन आज बुवांसाठी काळी दोनमध्ये लागते आणि बुवा आले नाहीत तर पांढरी चारमध्ये. तेव्हा त्याची मूळ पट्टी कोणती, हाच प्रश्न आहे. म्हणून प्रयोगासाठी भजन घेऊ नका. रेडिओवर किंवा मोबाइलवर पुष्कळदा ऐकलेले एखादे चित्रपटगीत घ्या. सकाळी उठल्यावर, पेटीला हात लावण्याआधी आणि कोंबडा सोडून दुसरा कोणताही आवाज कानावर पडण्याआधी, त्याचा मुखडा मोबाइलमध्ये म्हणून ठेवा. मग पेटीवर तो सूर शोधा, मूळ गाणे लावा आणि दोन्ही सूर जुळतात का ते पाहा. असे दहा सकाळी दहा वेगवेगळी गाणी घेऊन करा आणि प्रत्येक वेळचा सूर भजनाच्या वहीच्या मागच्या पानावर मांडून ठेवा. निकाल काहीही आला तरी मला कळवा.